फिलिपिन्स, वादळांचा हंगाम आणि तिथली माणसं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची श्रीवर्धनची. २०१८ पासून फिलिपिन्समध्ये, सेबू शहरात राहते. ऑगस्ट उजाडला की दिवाळीच्या सुट्टीचे बेत सुरू होतात आणि माझ्या फोनवर तेच तेच प्रश्न येऊ लागतात. वादळ येईल का, बोटी चालू असतात का, तिकीट काढू की नको. दरवेळी तुकड्यातुकड्यांत उत्तरं देण्यापेक्षा सगळी एका जागी लिहून ठेवते आहे. काही प्रश्न प्रवासाचे आहेत, काही तिथल्या माणसांबद्दलचे. मला ते वेगळे वाटत नाहीत.

वादळांचा हंगाम नेमका कधी असतो?

पाठ्यपुस्तकी उत्तर जून ते नोव्हेंबर. इथल्या हवामान खात्याला 'पगासा' म्हणतात. पगासाने आखलेल्या समुद्री हद्दीत वर्षाला सरासरी २० वादळं शिरतात आणि त्यातली आठ-नऊ प्रत्यक्ष जमिनीवर येतात. पण नोव्हेंबर संपला म्हणून सुटलो, असं नसतं. 'सेंदोंग' २०११ च्या डिसेंबरात आलं, 'पाब्लो' २०१२ च्या डिसेंबरात आणि आमच्या सेबूवर 'ओदेत' आलं ते १६ डिसेंबर २०२१ ला.

आपल्या कोकणात मृग लागला की पाऊस आणि दसरा-दिवाळीपर्यंत आटोपला, असा एक सरळ हिशोब असतो. इथे तो चालत नाही. इथे दोन वारे आहेत. जून ते ऑक्टोबर नैऋत्येचा 'हाबागात', आणि नोव्हेंबरपासून पुढे ईशान्येचा 'आमिहान'. हाबागातात मनिला आणि पश्चिम किनारा भिजतो. पूर्व किनाऱ्याकडे, म्हणजे सामार, लेयतेचा पूर्व भाग, सुरिगाओ इथे उलट. तिथे सर्वांत जास्त पाऊस नोव्हेंबर ते जानेवारीत. वादळांच्या वाटाही सरकतात. जुलै ते सप्टेंबर ती बहुधा उत्तर लुझोन (मनिला ज्यावर आहे ते उत्तरेचं मोठं बेट) आणि त्याच्याही वरच्या बातानेसच्या बाजूने जातात, वर्षअखेरीस खाली देशाच्या मधल्या विसायास बेटांकडे उतरतात. म्हणून 'फिलिपिन्सला कधी जावं' असं विचारलंत की माझा उलटा प्रश्न ठरलेला: फिलिपिन्समध्ये कुठे?

मग या महिन्यांत जाऊच नये का?

जावं. ७,६४१ बेटांचा देश आहे, एक वादळ सगळा देश व्यापत नाही. उत्तरेत लाल इशारा असताना पालावानमध्ये लख्ख ऊन पडलेलं मी पाहिलं आहे. फक्त आपल्याकडच्या सहलींचा जो साचा असतो, सात दिवस आणि चार ठिकाणं, रोज सामान बांधायचं, तो या हंगामात आणू नका. एक किंवा दोनच बेटं ठरवा. परतीचं आंतरराष्ट्रीय विमान असेल त्याच्या निदान दोन दिवस आधी मनिला किंवा सेबू गाठा. लहान बेटावरून थेट त्याच दिवशीचं विमान पकडायचं गणित कधीही फसतं.

याला आणखी एक कारण आहे. ८ जून २०२५ पासून भारतीय पासपोर्टवर १४ दिवस व्हिसाशिवाय राहता येतं, पण ती मुदत वाढवून मिळत नाही. तेराव्या दिवशी बेटावर अडकलात तर वादळाची काळजी आणि वर कागदपत्रांची. सहल दहा दिवसांची ठेवा आणि चार दिवस हाताशी राहू द्या.

एकाच वादळाला दोन नावं का असतात?

एक नाव आंतरराष्ट्रीय, दुसरं पगासाचं. जगाने ज्याला 'हैयान' म्हटलं ते इथे 'योलांदा', आणि 'राय' म्हणजे 'ओदेत'. शेतकऱ्याला, कोळ्याला आपल्या कानाचं नाव चटकन लक्षात राहतं, म्हणून पगासाकडे नावांच्या चार याद्या आहेत आणि त्या चार वर्षांनी फिरून येतात. एखाद्या वादळात ३०० किंवा त्याहून जास्त माणसं गेली, किंवा एक अब्ज पेसोंचं नुकसान झालं, तर ते नाव यादीतून कायमचं काढतात. बातम्या शोधताना दोन्ही नावं घालून बघा. गावकऱ्यांशी बोलताना मात्र इथलंच नाव घ्या, 'हैयान' म्हटलेलं पुष्कळांना कळत नाही.

'सिग्नल नंबर दोन', 'सिग्नल नंबर चार' म्हणजे काय?

हे वाऱ्याचे इशारे आहेत आणि जिल्हावार, तालुकावार लागतात. एक म्हणजे ताशी ३९ ते ६१ किलोमीटर वारा, पुढच्या ३६ तासांत अपेक्षित. दोन म्हणजे ६२ ते ८८, चोवीस तासांत. तीन म्हणजे ८९ ते ११७, अठरा तासांत. चार म्हणजे ११८ ते १८४ आणि पाच म्हणजे १८५ च्या वर, दोन्हींना बारा तासांची सूचना. वादळ हद्दीत असताना पगासाची पत्रकं पहाटे ५, सकाळी ११, संध्याकाळी ५ आणि रात्री ११ वाजता येतात. जमिनीजवळ आलं की दर तीन तासांनी. त्या काळात इथल्या घराघरांत अकराच्या पत्रकाची वाट बघतात.

आता खरी महत्त्वाची गोष्ट. सिग्नल वाऱ्याचा असतो, पावसाचा नाही. ही गल्लत पाहुणेच करतात असं नाही, इथल्या माणसांच्याही जिवावर ती बेतली आहे. २६ सप्टेंबर २००९ ला 'ओंदोय' आलं तेव्हा मनिलाला सिग्नल फक्त एक होता, आणि केसोन सिटीतल्या वेधशाळेत २४ तासांत ४५५ मिलिमीटर पाऊस पडला. २६ जुलै २००५ ची मुंबई ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. २०२४ च्या ऑक्टोबरात 'क्रिस्टिन' जमिनीवर आलं ते दूर उत्तरेला इसाबेलात, पण बुडालं लुझोनच्या दक्षिण टोकाचं बिकोल. आणि ४ नोव्हेंबर २०२५ ला 'तिनो'ने आमच्या सेबूत जी माणसं नेली ती मुख्यतः नद्यांच्या पाण्याने.

पावसाचे इशारे रंगांत असतात. पिवळा म्हणजे तासाला साडेसात ते १५ मिलिमीटर, नारिंगी १५ ते ३०, लाल त्याच्या वर. सिग्नलसोबत रंग बघायची सवय लावा. तुमचं हॉटेल नदीकाठी किंवा डोंगराच्या पायथ्याशी असेल तर आधी रंगच बघा.

बारांगाय म्हणजे काय? पर्यटकाचा त्याच्याशी काय संबंध?

बारांगाय म्हणजे इथलं सर्वांत लहान सरकार. खेड्यात त्याला ग्रामपंचायत म्हणा, शहरात वॉर्ड. एक निवडून आलेला कप्तान, काही सदस्य आणि रात्री गस्त घालणारे 'तानोद'. त्याच्याही खाली 'पुरोक', म्हणजे आपली वाडी.

वादळात सगळं इथूनच हलतं. कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेले आजोबा आहेत, कुणाची सून नवव्या महिन्यात आहे, कुणाचं छप्पर मागच्या वादळापासून ताडपत्रीचं आहे, हे पुरोकच्या बाईला तोंडपाठ असतं. संध्याकाळी तानोद कर्णा घेऊन फिरतात. लोकांना शाळेत किंवा बास्केटबॉलच्या पत्र्याच्या मैदानात हलवतात. बास्केटबॉलचं छप्पर घातलेलं मैदान नाही असा बारांगाय मी पाहिलेला नाही. लग्न, बारसं, निवडणूक सगळं तिथेच, आणि वादळात निवाराही तिथेच. मनिलाजवळच्या मारिकिनात तर नदीचे मीटरच लोकांची भाषा झाले आहेत. पाणी १५ मीटरला आलं की पहिला भोंगा, सामान बांधा. १६ ला दुसरा, निघा. १८ ला तिसरा, मग सक्तीने हलवतात. तिथली लहान मुलंही 'आता किती?' एवढंच विचारतात आणि आकडा ऐकून काय करायचं ते त्यांना ठाऊक असतं.

याला कायद्याचा आधार आहे. २०१० च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्रत्येक स्थानिक सरकारला आपल्या उत्पन्नाचा किमान ५ टक्के भाग यासाठी वेगळा ठेवावा लागतो. २०१४ च्या कायद्याने मोबाइल कंपन्यांना इशारे फुकट पाठवावे लागतात. फोन अचानक कर्कश वाजला तर घाबरू नका. वाचा, आणि मजकूर इथल्या भाषेत असेल तर शेजारच्याला दाखवा.

पर्यटकाने करायचं ते साधं आहे. होमस्टेत उतरलात की पहिल्याच संध्याकाळी मालकीणबाईंना विचारा: आपला बारांगाय कोणता, आणि 'एव्हॅक्युएशन सेंटर' कुठे? हा प्रश्न इथे कुणालाही विचित्र वाटत नाही. आणि हला म्हणाले की हला. 'आमचं हॉटेल पक्कं आहे' असं सांगून वाद घालणारे पाहुणे मी पाहिले आहेत. त्यांच्यासाठी त्या रात्री एका तानोदला दोनदा पावसात बाहेर पडावं लागतं, आणि त्याचं स्वतःचं घर बहुधा पत्र्याचं असतं.

योलांदात एवढी माणसं का गेली? आणि काही ठिकाणी कुणीच का गेलं नाही?

८ नोव्हेंबर २०१३ ची पहाट. योलांदा पूर्व सामारमधल्या ग्विवानला जमिनीवर आलं आणि पुढे लेयतेच्या ताक्लोबान शहरावर समुद्र चढला. सरकारी आकडा ६,३०० मृत्यूंचा आहे, आणि तो कमी आहे असं तिथली माणसं सांगतात.

इशारा नव्हता असं नाही. 'स्टॉर्म सर्ज' येणार हे टीव्हीवर सांगितलं जात होतं. पण ते दोन शब्द ऐकून लोकांना कळलं काय? स्टॉर्म म्हणजे वादळ, ते तर दरवर्षी येतं. समुद्र पाच-सहा मीटर उंच होऊन घरात शिरणार आहे, हे त्या शब्दांतून कुणाच्या डोळ्यांपुढे उभं राहिलंच नाही. वाचलेले लोक नंतर म्हणत राहिले, 'त्सुनामी म्हणाला असतात तर आम्ही पळालो असतो.' इथल्या भाषेत 'दालुयोंग' हा शब्द आहे, उसळून येणाऱ्या लाटेचा. आता इशाऱ्यांत तो वापरतात आणि पाणी किती उंच येईल ते मीटरमध्ये सांगतात. ताक्लोबानच्या आनिबोंगमध्ये 'इव्हा जोसेलिन' नावाचं अख्खं जहाज वस्तीवर येऊन बसलं होतं. त्याचा पुढचा, नाळेचा भाग तिथेच ठेवून स्मारक केलं आहे. ताक्लोबानला गेलात तर तिथे जरूर जा, आणि फोटो काढण्याआधी थोडं उभं राहा. आजूबाजूच्या घरांतली माणसं तीच आहेत.

आता दुसरी गोष्ट. सेबूच्या पूर्वेला कामोतेस बेटं आहेत. तिथल्या सान फ्रान्सिस्को नगरपालिकेत तुलांग दियोत नावाचं चिमुकलं बेट आहे, वस्ती हजाराच्या आसपास. योलांदाच्या आदल्या दिवशी तिथल्या सगळ्यांना बोटींनी हलवलं. दुसऱ्या दिवशी बेटावरची जवळपास ५०० घरं गेली. माणूस एकही गेला नाही. ही जादू नव्हती. २००४ पासून त्या नगरपालिकेने पुरोकांची घडी बसवली होती. दर पुरोकची स्वतःची बैठक, लोकांनीच थोडे थोडे पैसे टाकून केलेला निधी, कचऱ्यापासून आपत्तीपर्यंत सगळ्याची वाटून घेतलेली कामं. २०११ मध्ये त्याला संयुक्त राष्ट्रांचा सासाकावा पुरस्कारही मिळाला होता. त्या रात्री 'निघा' म्हणणारा माणूस ओळखीचा होता, म्हणून लोक निघाले. मला योलांदाच्या सगळ्या आकड्यांत हा शून्य सर्वांत जास्त शिकवून जातो.

बोटी बंद झाल्या तर काय करायचं?

थांबायचं. सिग्नल एक लागला तरी तटरक्षक दल बोटी रोखतं, आणि समुद्र खवळल्याचा इशारा असेल तर सिग्नल नसतानाही छोट्या होड्या, म्हणजे दोन्ही बाजूंना बांबूचे आधार असलेल्या 'बांका', सुटत नाहीत. हा कडकपणा फुकटचा नाही. जून २००८ मध्ये 'फ्रँक' वादळात 'प्रिन्सेस ऑफ द स्टार्स' ही प्रवासी बोट सिबुयान बेटाजवळ उलटली आणि आठशेच्या वर माणसं गेली.

सोर्सोगोनच्या मत्नोग बंदरात मी एकदा दोन रात्री काढल्या आहेत. लुझोन बेट तिथे संपतं, पलीकडे सामार. बोट एकदा थांबली की ट्रकांची रांग काही किलोमीटर मागे जाते. पहिल्या संध्याकाळी सगळे चिडलेले. रात्री कुठूनशी एक बाई मोठं पातेलं घेऊन आली, 'लुगाव' विकायला. म्हणजे आल्याची मऊ तांदळाची पेज, वर तळलेला लसूण. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने पैसे घेणं थांबवलं. तांदूळ ट्रकवाल्यांनी दिले, लाकडं कुणी आणली कळलं नाही, आणि मी दोन शाळकरी मुलींबरोबर आलं किसत बसले. एका ट्रकमध्ये कोबी होते, ते सडणार हे दिसत होतं. ड्रायव्हर हताशपणे त्यांच्याकडे बघत होता, मग त्यानेच ते पेजेत घालायला दिले. त्याचं नुकसान कुणी भरून दिलं असेल असं मला वाटत नाही.

चोरून नेणारा बांकावाला भेटेल. जास्त पैसे घेऊन 'होतं हो, रोज जातो' म्हणेल. जाऊ नका. बोराकायसारख्या ठिकाणी हाबागातात बोटींचा धक्काच बदलतो, नेहमीच्या कातिक्लानऐवजी ताबोनहून सोडतात. त्याचा अर्थ धोका असा नाही, वाऱ्याची दिशा एवढाच.

विमान रद्द झालं तर पैसे परत मिळतात का?

वादळामुळे रद्द झालं तर तिकिटाचे पूर्ण पैसे किंवा दुसऱ्या दिवसाचं विमान मागायचा हक्क इथल्या प्रवासी हक्कांच्या आदेशाने दिला आहे. हॉटेलचा खर्च किंवा भरपाई मात्र वादळात धरू नका. मला एकदा पैसे परत यायला चार महिने आणि अगणित फोन लागले, तेव्हा काउंटरवरूनच रद्द झाल्याचा लेखी कागद घेऊन ठेवा. प्रवास विमा वादळाला नाव पडण्याआधी काढलेला असावा. नंतर काढलेला बहुधा कामाचा नसतो.

सामानात काय असावं?

रोख पेसो, आणि सुट्ट्या नोटा. वीज गेली की एटीएम आणि मोबाइलवरचे पैसे दोन्ही मेले. चार्जिंगची बँक, डोक्याला लावायची विजेरी, शिट्टी, पासपोर्टसाठी पाणी न शिरणारी पिशवी. रोजची औषधं आठवडाभर जास्त.

शाकाहारी असाल तर हे नीट वाचा. इथली मदत म्हणजे तांदूळ, डब्यातले सार्डिन मासे आणि नूडल्स. नूडल्सच्या मसाल्यातही कोंबडी किंवा कोळंबी असते. मेतकूट, भाजणीचा चिवडा, खाकरे, शेंगदाण्याची चटणी आणा. गरम भात कुठेही मिळतो, त्यावर मेतकूट पडलं की चार दिवस निघतात. आणि जास्तच आणा, कारण तुम्ही एकटे खाणार नाही. इथे कुणी खायला बसलं की समोरच्याला 'काओन ता' म्हणतो, म्हणजे 'चला जेवूया', आणि ते म्हणायची पाळी तुमच्यावरही येते.

पूर ओसरल्यावर आजार?

लेप्टो आणि डेंगी, आपल्यासारखेच. पायाला जखम असेल तर पुराच्या पाण्यात उतरू नका. उतरावंच लागलं तर जवळच्या आरोग्य केंद्रात जा. लेप्टो होऊ नये म्हणून डॉक्सिसायक्लिन घ्यायची की नाही ते तिथले डॉक्टर ठरवतात, स्वतःच्या मनाने घेऊ नका. आणीबाणीचा क्रमांक ९११, रेड क्रॉसचा १४३.

वादळ गेल्यावर खरंच कसं असतं?

ओदेतचं सांगते. १६ डिसेंबर २०२१. त्या पहाटेपासून ख्रिसमसच्या आधीचे नऊ दिवस भल्या पहाटेची प्रार्थना असते, तिचा पहिला दिवस. रात्री वारा सुरू झाला तो आवाज मला ओळखीचा होता. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात श्रीवर्धनहून आईने फोन कानाला न लावता खिडकीकडे धरला होता, तोच आवाज.

सकाळी आमच्या गल्लीत पत्रे, तारा आणि आंब्याचं एक झाड. वीज नाही, आणि वीज नाही म्हणून पाणी नाही. फोनही मुका. पहिला दिवस लोकांनी रस्ता मोकळा केला. दुसऱ्या दिवसापासून पाणी. इथे पिण्याचं पाणी निळ्या वीस लिटरच्या कॅनमधून येतं, गल्लोगल्ली भरून देणारी दुकानं असतात. जनरेटर असलेल्या एका दुकानापुढे मध्यरात्रीपर्यंत रांग. माणसं घरी जायची, कॅन रांगेत उभे राहायचे. एकही कॅन पुढे सरकवला गेलेला मी पाहिला नाही.

आमच्या गल्लीत सारी-सारीचं, म्हणजे आपल्या टपरीवजा किराण्याचं, एक दुकान आहे. चालवणाऱ्या बाईंना सगळे 'आते' म्हणतात, म्हणजे ताई. मला मात्र ऐकून दरवेळी आत्याच आठवते. आतेने मेणबत्त्यांचा भाव वाढवला नाही. तिच्याकडे एक वही होती, उधारीची. त्या आठवड्यात तिने वहीचं नवं पान काढलं आणि त्यावर नावं लिहिली, रकमा नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, 'रकमा वीज आल्यावर आठवतील.'

चोवीसच्या रात्री, ज्याला नोचे बुएना म्हणतात, सगळ्या गल्लीने टेबलं रस्त्यावर आणली. बांबू-कागदाच्या चांदण्या, 'पारोल', काळोखातच टांगलेल्या. शेवयांचं 'पानसित' कुणाकडून, भात कुणाकडून. मी साखरभात केला होता. आमच्याकडे वीज जानेवारीत आली.

बायानिहान म्हणतात ते हेच का?

हो. 'बायान' म्हणजे गाव, देश, आपली माणसं. जुन्या चित्रांत दिसतं ते असं: बांबू-गवताचं घर हलवायचंय, तर वीस-पंचवीस माणसं घराखाली बांबू घालून अख्खं घर खांद्यावर घेऊन निघाली आहेत. मालकाने जेवण घालायचं, मजुरी नाही. आपल्याकडे इर्जिक असते, सावड असते, जवळपास तेच.

उत्तर टोकाच्या बातानेसमध्ये इवातान लोकांचा सामुदायिक कामाचा शब्द 'यारू'. त्यांची घरं बघायलाच बातानेसला जा. दगड-चुन्याच्या हातभर जाडीच्या भिंती, वर कोगोन गवताचं दाट छप्पर, लहान खिडक्या, आणि वादळात छपरावरून दोर टाकून जमिनीला बांधायची सोय. इतकं जाड छप्पर एका कुटुंबाला शाकारता येत नाही. शेजारी लागतातच. कोकणात आमच्या आजोबांच्या वेळी शाकारणीला वाडी लोटायची, ती गोष्ट मला तिथे पुन्हा दिसली. सिमेंट आणि पत्रा आल्यावर तिथेही ते काम कमी होत चाललं आहे.

फिलिपिनो लोक इतक्या संकटांतही हसतमुख कसे राहतात?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि तो मला सर्वांत जास्त टोचतो. प्रेमाने विचारतात, हे कळतं. पण इथल्या तरुणांसमोर 'रेझिलियन्स', म्हणजे संकटातून सावरण्याची ताकद, हा शब्द एकदा काढून बघा. चिडतात. गळ्याइतक्या पाण्यात हसणाऱ्या मुलांचे फोटो वर्षानुवर्षं छापून आले आणि 'बघा, आमची जनता किती खंबीर' असं म्हणत राज्यकर्ते मोकळे झाले, हा त्यांचा राग आहे. मला तो शंभर टक्के रास्त वाटतो.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये खुद्द राष्ट्राध्यक्षांनीच सांगितलं की पूरनियंत्रणावर तीन वर्षांत खर्ची पडलेल्या ५४५ अब्ज पेसोंपैकी जवळपास पाचवा हिस्सा फक्त १५ कंत्राटदारांकडे गेला. कागदावर पूर्ण झालेले बांध प्रत्यक्षात नव्हतेच, असं नंतर ठिकठिकाणी उघड झालं. २१ सप्टेंबरला मनिलाचे रस्ते माणसांनी भरले. आणि दीड महिन्यात 'तिनो'चं पाणी सेबूच्या घरांत शिरलं. ज्या आईने त्या पाण्यात मूल गमावलं तिला 'तुम्ही किती सोशिक' असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

योलांदानंतर ताक्लोबानच्या किनाऱ्यावरच्या लोकांना शहराच्या उत्तरेला नवी घरं दिली. वादळापासून सुरक्षित, पण समुद्रापासून लांब, आणि कितीतरी काळ नळाला पाणी नाही. कोळी माणसाला समुद्रापासून उचलून डोंगरात ठेवलं तर त्याने खायचं काय? नारळाचंही तसंच. त्या वादळात सुमारे ३.३ कोटी माडांचं नुकसान झालं, आणि नवा माड धरायला सहा-आठ वर्षं जातात. दिवेआगर-श्रीवर्धनच्या बागायतदारांना हा हिशोब समजावून सांगावा लागत नाही. निसर्ग वादळात आमच्या परसातले माड-पोफळी गेल्या तेव्हा वडील महिनाभर बागेत गेले नव्हते.

माणसं हसतात, कारण शेजारी बसलेल्याला धीर द्यायचा असतो. ते मेहनतीचं हसू आहे. पुरोकची यादी ठेवणारी बाई, कर्णा घेऊन फिरणारा तानोद, आते आणि तिची वही, ही सगळी कामं आहेत, आणि बहुतेक नाममात्र पैशांत किंवा फुकट केलेली. त्यांचं कौतुक करायचंच असेल तर काम म्हणून करा, स्वभाव म्हणून नको.

वादळ होऊन गेलेल्या भागात फिरायला जावं का? मदत कशी करावी?

पहिले काही आठवडे जाऊ नका. पाणी, खोल्या, बोटी तिथल्यांना लागतात. जुने कपडे पाठवू नका, कपड्यांचे ढीग बंदरात भिजत पडतात. पैसे द्या, रेड क्रॉसला किंवा तुमच्या प्रत्यक्ष ओळखीच्या माणसाला.

मग मात्र जा, आणि नक्की जा. ओदेतने सियारगाओ बेट झोपवलं होतं. सर्फिंगचा प्रसिद्ध लाकडी धक्का गेला, हॉटेलांची छपरं गेली. लोकांनी उभं केलं, आणि तेव्हा त्यांना हवे होते ते पाहुणे. त्या वेळी तिथे गेलेल्यांचं खोलीभाडं सरळ कुणाच्या तरी पत्र्यात गेलं. होमस्टेत राहा, बांका स्थानिक माणसाची घ्या, घासाघीस करू नका. पडक्या घरांसमोर उभं राहून स्वतःचे फोटो काढू नका.

मुलगी दावाओला एमबीबीएसला आहे. काळजी करावी का?

दावाओ ज्यावर आहे त्या मिंदानाव बेटाच्या दक्षिणेला वादळं कमी येतात, तेवढं मनाशी धरा. पण कमी म्हणजे शून्य नाही. 'पाब्लो'ने दावाओच्या पूर्वेकडच्या प्रांतांत हाहाकार केला होता, आणि 'सेंदोंग'च्या रात्री त्याच बेटाच्या उत्तरेकडच्या काग्यान दे ओरो आणि इलिगानमध्ये हजाराहून जास्त माणसं गेली, कारण तिथे वादळ येतं यावर कुणाचा विश्वासच नव्हता. तिला तिचा बारांगाय कोणता ते विचारा. माहीत नसेल तर आजच शोधायला सांगा. आणि दोन दिवस फोन लागला नाही तर आधी टॉवर पडला असेल असं समजा.

चार शब्द शिकायचे तर कोणते?

'बाग्यो' म्हणजे वादळ. 'ब्राउनआउट' म्हणजे वीज गेली, हा शब्द दिवसातून दहादा ऐकाल. 'सालामात', धन्यवाद. आणि निरोप घेताना मनिलाकडे 'इंगात', आमच्या सेबूत 'आम्पिंग'. दोन्हींचा अर्थ जपून जा. रिक्षावाला, दुकानदार, बंदरावरचा शिपाई, कुणीही म्हणतो. सिग्नल लागलेल्या दिवशी जरा हळू म्हणतात, आणि तुम्ही उलट 'आम्पिंग' म्हणेपर्यंत थांबतात.